उसासोबत येणारे जळण

साखर कारखान्याचा उतारा पाव टक्क्याने घसरला तरी वार्षिक सभेत आवाज चढतात. हंगामात कारखान्याने पाणी किती उडवले, हे मात्र कुणी विचारत नाही. वास्तविक आत चोवीस तास चालणारे काम बहुतांशी तेच असते. १०० टन उसात ७० टनांच्या आसपास पाणी, १३-१४ टन तंतू, आणि उरलेल्यात साखर व इतर विरघळलेले पदार्थ. त्यातून हाती येणारी साखर दहा-अकरा टन. रस काढल्यानंतरचा सगळा खटाटोप पाण्यातून साखर वेगळी करण्याचा असतो आणि त्यासाठी उष्णता लागते. भरपूर लागते.

ही उष्णता कारखाना सहसा विकत घेत नाही. ज्या ट्रॉलीतून ऊस येतो तिच्यातूनच जळणही येते. रस पिळल्यावर उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरात जातो. त्याच्या वाफेवर यंत्रे फिरतात, रस आटतो आणि वर विकायला वीजही उरते. हे इतक्यांदा ऐकलेले असते की त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण हिशेब मांडला तर कळते की सरळ जाळले आणि सरळ उकळले तर हे जळण पुरत नाही. ते पुरवले जाते. ते कसे, हे सावकाश पाहण्यासारखे आहे. कोळसा किंवा फर्नेस ऑइल सोडून शेतातल्या जळणावर येऊ पाहणाऱ्या दुसऱ्या उद्योगांना शिकण्यासारखे बरेच काही इथे आहे, आणि त्यांच्या वाट्याला सहसा न येणारी एक सोयही इथेच दिसते.

आधी पाण्याचा स्वभाव. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला ७० किलोकॅलरी लागतात. त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र आणखी ५४० किलोकॅलरी द्याव्या लागतात, आणि त्या देताना तापमान एका अंशानेही वाढत नाही. ही उष्णता वाफेत दडून राहते. तीच वाफ एखाद्या नळीच्या गार भिंतीला लागून पुन्हा पाणी झाली की दडलेली सगळी उष्णता परत देते. रंगकाम असो, दूध तापवणे असो, भात उकडणे असो की साखर, कारखान्यात वाफ वापरतात ती या देण्याघेण्यासाठी. वाफ म्हणजे उष्णता वाहून नेणारा माल, आणि बॉयलर म्हणजे तो माल भरण्याची जागा.

आता गव्हाणीपासून सुरुवात करू. ऊस आधी तुकडे होऊन, मग कुटला जाऊन गिरण्यांच्या रांगेत जातो. चार-पाच गिरण्या, प्रत्येकीत जड दातेरी रोलर. नुसते पिळून सगळी साखर निघत नाही, म्हणून शेवटच्या गिरणीच्या आधी चोथ्यावर गरम पाणी मारतात आणि तिथून निघालेला पातळ रस मागच्या गिरणीवर फिरवतात. या धुण्यामुळे साखर जास्त निघते, पण आटवायचे पाणीही वाढते. १०० टन उसामागे साधारण तितकाच, १०० टन रस पुढे जातो आणि शेवटच्या गिरणीतून २८ ते ३० टन बगॅस बाहेर पडतो. या बगॅसचे निम्मे वजन पाणीच असते.

ही निम्म्या पाण्याची गोष्ट जरा थांबून समजून घ्यावी, कारण शेतातल्या कुठल्याही जळणाचे भले-बुरे तिच्यावर ठरते. पूर्ण वाळलेल्या एक किलो बगॅसमधून सव्वाचार हजारांच्या घरात किलोकॅलरी कामाची उष्णता मिळते. निम्मे पाणी असलेल्या किलोत जळणारा भाग अर्धाच, म्हणजे २,१०० च्या आसपास. त्यातूनही ३०० किलोकॅलरी आतले अर्धा किलो पाणी उडवण्यात जातात आणि ती वाफ धुराड्यातून निघून जाते. हाती राहतात १,८०० च्या आसपास. ओलावा असा दुहेरी नुकसान करतो: जळणाची जागा अडवतो आणि उरलेल्या जळणाकडून स्वतःला उडवण्याची मजुरीही वसूल करतो. म्हणून शेवटच्या गिरणीचा दाब वाढवून ओलावा ५० वरून ४८ टक्क्यांवर आणला, तर तेवढ्या दोन टक्क्यांनी किलोमागची उष्णता पाचेक टक्क्यांनी वाढते. चांगला गिरणीवाला बॉयलरवाल्याचेही काम करत असतो. बॉयलरवाले हे कबूल करतातच असे नाही.

बगॅस जळतो कसा? कोळशासारखा निखाऱ्याने नाही. लाकूड, काड, चोथा तापला की आधी ओलावा जातो, मग पदार्थ फुटून ज्वलनशील वायू बाहेर पडतात. वाळलेल्या बगॅसच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग असा वायुरूपाने जळतो आणि थोडाच कोळसा मागे राहतो. त्यामुळे भट्टीची रचना वेगळी लागते. बगॅस वरच्या घसरणीतून येतो आणि हवेचा झोत त्याला भट्टीभर फेकतो. भुसा हवेतच पेटतो, जाड तुकडे खालच्या जाळीवर पडून जळतात. जाळीखालून येणारी हवा पुरत नाही, कारण आग वर आहे. म्हणून भट्टीच्या भिंतींतून, ज्वाळेच्या उंचीवर, दुसरी हवा जोरात सोडतात. एक किलो ओल्या बगॅसला जवळपास चार किलो हवा लागते. ती कमी पडली तर वायू अर्धवट जळून काळा धूर होतो, आणि जास्त झाली तर फुकट तापलेली हवा उष्णता घेऊन बाहेर जाते. कोळशासाठी बांधलेल्या जुन्या बॉयलरात लाकूड किंवा ब्रिकेट टाकून 'झाले, हरित झालो' म्हणणाऱ्यांची पहिली ठेच इथे लागते. भट्टीत वरची जागा कमी असते, वायू जळायच्या आत नळ्यांत शिरतो आणि काजळी धरते.

धूर बाहेर जाण्याआधी त्याच्याकडून उरलीसुरली उष्णता काढून घेतात. बॉयलरात जाणारे पाणी आणि भट्टीत जाणारी हवा त्याच धुरावर तापते. एवढे सगळे केले की एक किलो बगॅसमागे सव्वादोन किलो वाफ मिळते. २८ टन बगॅसची वाफ झाली ६२-६३ टन. हा आकडा लक्षात ठेवावा.

आता खर्चाची बाजू. १०० टन रसात विरघळलेले घन पदार्थ साधारण १४ टक्के. हा रस ६० टक्क्यांच्या पाकापर्यंत न्यायचा, कारण त्यानंतरच त्यातून दाणा धरता येतो. पाक उरतो २३ टन, म्हणजे उडवायचे पाणी ७७ टन. एक टन वाफ एक टन पाणी उडवते, असे ढोबळ धरले तर ७७ टन वाफ हवी. शिवाय रस तापवायला वेगळी, पाकाचे दाणे करायला वेगळी, आणि गिरण्या फिरवायची शक्ती वेगळी. हातात आहेत ६२ टन. जमत नाही.

गुऱ्हाळात हे डोळ्यांसमोर दिसते. कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळावर चिपाड आधी उन्हात वाळवतात, मग चुलवाणात घालतात. काहिलीत रस उकळतो, वाफेचे लोट छपरातून आभाळात जातात, आणि हंगामात निघालेले चिपाड त्या हंगामाच्या गुळाला जेमतेम पुरते. तेही रसात जास्तीचे पाणी घातलेले नसताना आणि ऊन फुकट ओलावा काढून देत असताना. काहिलीतून उठणाऱ्या प्रत्येक किलो वाफेबरोबर ५४० किलोकॅलरी छपराबाहेर जातात. गुळव्याच्या कौशल्यात काही कमी नाही. उघड्या भांड्याचे गणितच तसे आहे.

हे गणित ज्याने मोडले तो अमेरिकेतल्या लुइझियानाचा. नॉर्बर्ट रिलिए, जन्म न्यू ऑर्लिन्सचा, १८०६ चा. आई कृष्णवर्णीय वंशाची स्वतंत्र स्त्री, वडील गोरे. वडिलांनी त्याला शिकायला पॅरिसला पाठवले आणि तिथे तो वाफेचा अभ्यास करून शिकवूही लागला. त्या काळी लुइझियानात उघड्या कढयांच्या रांगेत रस आटवत, आणि एका कढईतून दुसऱ्या कढईत उकळता रस लांब दांड्यांच्या पळ्यांनी ओतण्याचे काम गुलामांकडून करून घेत. लाकूड अतोनात लागे, माणसे भाजत आणि साखर करपून काळी पडे. रिलिएची दोन महत्त्वाची पेटंटे १८४३ आणि १८४६ सालची. ज्या समाजात त्याला बरोबरीचे स्थान नव्हते, त्या समाजातल्या मळेवाल्यांनी त्याचे यंत्र मात्र घेतले. १८९४ मध्ये तो पॅरिसला वारला. आज जगात कुठेही साखर, मीठ, दुधाची भुकटी किंवा कागदगिरणीचे काळे पाणी आटवतात तिथे बहुधा त्याचीच कल्पना कामाला असते.

कल्पना अशी. पाणी १०० अंशांवरच उकळते असे नाही. हवेचा दाब कमी केला की ते कमी तापमानावर उकळते. मग बंद भांडी एकापुढे एक जोडायची. पहिल्या भांड्याला, कारखान्याच्या बोलीत पहिल्या बॉडीला, बाहेरून वाफ द्यायची. तिच्यातल्या रसातून जी वाफ उठेल ती आभाळात न सोडता दुसऱ्या बॉडीच्या नळ्यांभोवती न्यायची. ही वाफ पहिलीपेक्षा थोडी गार आहे, पण दुसऱ्या बॉडीत दाब कमी ठेवला आहे, म्हणून तिथला रस तिच्यावरही उकळतो. दुसरीची वाफ तिसरीला, तिसरीची चौथीला. शेवटच्या बॉडीची वाफ थंड पाण्याच्या फवाऱ्यात विरवतात. वाफ विरली की तिथे निर्वात होतो, आणि हाच निर्वात मागच्या सगळ्या रांगेला उतरता दाब देतो. पहिल्या बॉडीत रस साधारण ११० अंशांवर उकळत असतो, शेवटच्या बॉडीत ५५ ते ६० अंशांवर. साखरेला हेच मानवते, कारण पाक जसा घट्ट होत जातो तसा तो जास्त तापमानाने लवकर रंगतो आणि साखर फुटते. इथे सर्वांत घट्ट पाक सर्वांत गार बॉडीत असतो.

पाच बॉड्यांच्या रांगेत एक टन वाफ ढोबळमानाने पाच टन पाणी उडवते. ७७ टनांचे काम साडेपंधरा टनांत आले. मग दहा बॉड्या का नाही लावत? कारण सगळ्या रांगेला मिळून पन्नास-साठ अंशांचाच उतार उपलब्ध आहे. बॉड्या वाढवल्या की प्रत्येकीच्या वाट्याला उतार कमी येतो, आणि कमी उतारावर तेवढीच उष्णता ढकलायची तर नळ्यांचे क्षेत्रफळ वाढवावे लागते. एका टप्प्यानंतर वाचलेल्या बगॅसपेक्षा तांबे-पोलाद महाग पडते.

रिलिएच्या विचारातली दुसरी पायरी मला पहिलीपेक्षाही हुशारीची वाटते. रांगेतल्या मधल्या बॉड्यांतून थोडी वाफ काढून घ्यायची आणि ती दुसऱ्या कामाला लावायची. रस चुन्याची निवळी देण्याआधी ७०-७५ अंशांवर तापवायचा असतो. त्याला सव्वाशे अंशांची ताजी वाफ कशाला? तिसऱ्या-चौथ्या बॉडीची मवाळ वाफ पुरते. दाणे धरायच्या पॅनमध्ये पाक निर्वातात ६०-६५ अंशांवर उकळतो, त्याला पहिल्या किंवा दुसऱ्या बॉडीची वाफ चालते. म्हणजे पॅनला पोहोचेपर्यंत त्याच उष्णतेने एक-दोनदा पाणी उडवून झालेले असते. आपल्या जुन्या चुलीला जोडून वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी, आणि तिथून निसटलेल्या आचेवर वैलावरचे कालवण. जास्त आचेचे काम आधी, कमी आचेचे त्याच्या मागे. कारखान्याचे उष्णतेचे नियोजन याहून वेगळे नाही, फक्त वैल बरेच आहेत. हे नीट जमलेल्या कारखान्यात १०० टन उसाला ३५ ते ४० टन वाफ पुरते. जुन्या पद्धतीच्या कारखान्यांत हाच आकडा ५० च्या वर असे.

या जुन्या ढिलाईला एक कारण होते. पूर्वी उरलेल्या बगॅसचे करायचे काय, हाच प्रश्न होता. ढीग पावसात कुजे, उन्हाळ्यात पेट घेई. त्यामुळे कारखान्याची रचनाच सगळा बगॅस जाळून संपवणारी करत. २००३ च्या वीज कायद्यानंतर सहवीजनिर्मितीची वीज ग्रिडला विकण्याची वाट रुंद झाली आणि बगॅसला किंमत आली. मग प्रत्येक टन वाफेचा हिशेब सुरू झाला.

विजेचा भाग थोडक्यात, पण त्यातली मेख महत्त्वाची. रस आटवायला वाफ हवी दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन किलोच्या दाबाची, सव्वाशे अंशांच्या आसपासची. बॉयलरात तेवढ्याच दाबाची वाफ बनवता येईल. पण बॉयलरचा दाब ६७ किलो आणि तापमान ४८० अंशांपुढे ठेवले, ती वाफ आधी टर्बाइनमधून काढली आणि दाब उतरल्यावर रसाकडे पाठवली, तर मधल्या उतारात वीज मिळते. जुन्या २१ किलोच्या बॉयलरच्या वाफेवर एका युनिटला ११-१२ किलो वाफ जाई. ६७ किलोच्या वाफेवर सहा-साडेसहा किलो पुरते. आणि जळण? तेवढ्याच वजनाच्या वाफेला दहाएक टक्के जास्त, कारण उष्णतेचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यातच जातो, दाब चढवण्यात नाही. आता ८७ आणि ११० किलोचे बॉयलरही आहेत. नुसती वीज बनवणाऱ्या औष्णिक केंद्रात टर्बाइनमधून निघालेल्या वाफेची दडलेली उष्णता थंड पाण्यात घालवावी लागते, निम्म्याहून अधिक जळण तिथे जाते. साखर कारखान्यात त्याच वाफेची वाट पाहत रस उभा असतो. ज्या उद्योगाला वाफ आणि वीज दोन्ही लागतात त्याने आधी वीज, मग वाफ हा क्रम लावायचा, एवढे यातून घ्यावे.

टर्बाइनची वाफ पहिल्या बॉडीत विरून जे शुद्ध पाणी होते ते परत बॉयलरला जाते. तिथे एक राखणदारी लागते. एखादी नळी चिरली आणि रस या पाण्यात मिसळला तर बॉयलरच्या उष्णतेत साखरेचे आम्ल होते, फेस येतो, नळ्यांत कोळसा धरतो. म्हणून प्रयोगशाळेतला मुलगा शिफ्टभर ठरावीक वेळाने पाण्याचा नमुना परीक्षानळीत घेतो, त्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकतो आणि नळीच्या कडेने तीव्र गंधकाम्ल सोडतो. दोन द्रवांच्या सीमेवर जांभळे कडे दिसले की साखर आली, पाणी गटाराला. कोट्यवधींचा बॉयलर या जांभळ्या कड्याच्या भरवशावर चालतो.

आता राखेकडे. बगॅसची राख थोडी, वाळलेल्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण हलकी, उडणारी. कारखान्याशेजारच्या गावात दोरीवरच्या कपड्यांवर ती बसते आणि त्यावरून होणारी भांडणे खरी आहेत. पाण्याचे फवारे किंवा विजेने राख पकडणारी यंत्रे बसवून ती बरीच अडवता येते. जळण शेतातले आहे म्हणून धूर सोवळा होत नाही.

राखेची याहून खोल भानगड पाचटाने शिकवली. बगॅस विकता येतो, मग शेतात पडलेले पाचट बॉयलरात का घालू नये, असा प्रयोग अनेकांनी केला. पाचट वाळलेले, उष्णता बरी. पण वाढत्या हिरव्या पाल्यात पोटॅश आणि क्लोरीन जास्त असते. पोटॅशची राख कमी तापमानावर मऊ पडते, जाळीवर खडे धरते, वरच्या तापलेल्या नळ्यांवर चिकटते, आणि क्लोरीन त्या नळ्या खाते. बगॅस याच उसाचा, मग त्यात हे का होत नाही? कारण गिरण्यांत गरम पाण्याने धुताना साखरेबरोबर पोटॅशही रसात निघून गेलेले असते आणि पुढे मळीत जाते. साखरेसाठी केलेली धुलाई बॉयलरलाही पथ्यावर पडते. पाचट ऊन-पाऊस खाऊन थोडे धुतले जाते, तरी त्याची जागा मला बॉयलरापेक्षा सरीतच योग्य वाटते. तिथे ते जमिनीचा ओलावा धरते आणि पोटॅश जमिनीला परत देते.

ही धुलाई आणि गोळा करण्याची सोय, दोन्ही साखरेच्या पदरात फुकट पडतात. ऊस तोडायची, बांधायची, वाहून आणायची मजुरी साखरेच्या हिशेबात जाते. बगॅस कारखान्याच्या पोटात आपोआप जमा होतो. असे भाग्यवान उद्योग थोडेच. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातगिरण्या त्यातल्या. १०० किलो धानामागे वीसेक किलो तूस निघते आणि उकडा तांदूळ करायला लागणारी वाफ त्याच तुसावर होते. तुसाच्या वजनाचा पाचवा भाग मात्र राख होते, आणि ती बहुतेक सिलिका असल्याने नळ्यांना पॉलिश कागदासारखी घासते. कोकण-गोव्यातल्या काजू कारखान्यांत बी वाफवायला टरफलांचे जळण वापरतात. त्यात तेल असते, आच तिखट आणि धूर त्याहून तिखट. टरफलाचे तेल आधी काढून उरलेली पेंड जाळणे शहाणपणाचे.

बाकीच्यांना जळण शोधायला बाहेर पडावे लागते. इचलकरंजीच्या सायझिंगला सुताला खळ लावून वाळवायला वाफ हवी. प्रोसेस हाउसला रंगाच्या टाकीसाठी वाफ, आणि कापड ताणून वाळवणाऱ्या स्टेंटरसाठी दोनशे अंशांच्या आसपासची आच. एवढी आच कमी दाबाच्या वाफेने येत नाही, म्हणून तिथे तापलेले तेल नळ्यांतून फिरवतात. दूध संघ, औषधांचे, खाद्यतेलाचे कारखाने या सगळ्यांना १०० ते २०० अंशांतली उष्णता लागते, आणि शेतातल्या जळणाला ही मर्यादा आरामात झेपते. सिमेंटच्या भट्टीत चौदाशे अंशांपुढचे काम आहे. तिथे ते कोळशाबरोबर थोडे मिसळता येते, एकट्याने नाही.

विदर्भात पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत, सोयाबीनचे कुटार आहे. अडचण आकारमानाची. सुट्या काडाचा घनमीटरभर ढीग शंभर किलोही भरत नाही. ट्रक भरलेला दिसतो आणि काट्यावर हलका उतरतो. म्हणून काड कुटून दाबयंत्रातून ब्रिकेट काढतात. दाब आणि घर्षणाच्या उष्णतेने काडातले लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते, वेगळा चिकटवणारा पदार्थ लागत नाही. तोच घनमीटर आता सहाशे-सातशे किलो भरतो. बाजारात याला बायोकोल किंवा व्हाइट कोल म्हणतात. फर्नेस ऑइलच्या एका किलोच्या जागी असे ब्रिकेट अडीच ते तीन किलो लागतात. साठवायला शेड, भरायला माणसे आणि राख काढायला वेळ लागतो, तो वेगळाच.

शिवाय हंगाम. पऱ्हाट्या उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात, कारखाना बारा महिने चालतो. पावसाळ्यात ब्रिकेटचा भाव चढतो आणि माल फुगतो. मागणीही एकाच गिऱ्हाइकाची राहिलेली नाही. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के बायोमास पेलेट मिसळावेत, असे केंद्राचे धोरण २०२१ मध्ये आले. तमिळनाडूत करूरजवळची सरकारी कागदगिरणी साखर कारखान्यांचा बगॅस घेऊन बदल्यात दुसरे जळण देते, कारण कागदाला बगॅसचा तंतू राखेपेक्षा मोलाचा. जे काड काल बांधावर पेटवून देत होते, त्याला आज तीन-चार मागणीदार आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वाईट नाही. स्वस्त जळण म्हणून हिशेब मांडलेल्या कारखानदाराने मात्र पाच वर्षांनंतरचा भावही कागदावर मांडून पाहावा. आणि बगॅसच्या विजेला हरित म्हणताना उसाने प्यायलेले पाणीही त्याच वहीत लिहावे. मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको.

तुमचा बॉयलर लहान असेल आणि ब्रिकेटवर जायचा विचार असेल, तर पहिला खर्च नव्या भट्टीवर करू नका. आधी उघडे पाइप गुंडाळा, वाफेचे गळणारे ट्रॅप बदला, विरलेले गरम पाणी परत बॉयलरकडे आणा, म्हणजे बॉयलरच लहान लागेल. मग जळणाचा करार टनावर न करता उष्णतेवर करा. १० टक्के ओलाव्याच्या ब्रिकेटमधून किलोमागे साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी मिळतात. तेच २० टक्के ओलाव्याचे आले तर तीन हजारांच्या थोड्याच वर. वजन तेच, बिल तेच, उष्णता तेरा टक्के कमी. करारात ओलाव्याची आणि राखेची वरची मर्यादा लिहा, तिच्यापुढे किती कपात तेही लिहा. तपासणी अवघड नाही. गाडीच्या तोंडाशी, मध्ये आणि तळाशी असे तीन ठिकाणचे नमुने घ्या, वजन करा, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवा आणि पुन्हा वजन करा. गाडी खाली करण्याआधी नमुने घ्या, नंतर नव्हे.